परमुलखातील सेवा आणि घरचे ऋण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



 या प्रभुमंदिराशेजारच्या शाळेत मी एकवीस वर्षे मराठी शिकविली. समोर बसलेल्या मंडळींपैकी निदान निम्म्यांचे ऱ्हस्वदीर्घ मी सुधारले आहेत. काहींचे मला अखेरपर्यंत सुधारता आले नाहीत, हेही येथे कबूल करितो. मी आपल्या धर्माचा नसूनही आपण मला कधी परका लेखले नाही. नाताळच्या फराळाचे ताट आमच्या बिऱ्हाडी न चुकता येत असे.

विषय निवडण्याची मोकळीक फादरांनी मला दिली होती. फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणावर बोलावे, असे प्रथम मनात होते. तो विषय माझ्या हातचा, आणि आपल्याही अभिमानाचा. परंतु गेल्या सहा महिन्यांत आमच्या घरी एक गोष्ट घडली आणि तिने माझी झोप उडविली. ज्या प्रश्नाने स्वतःची झोप उडाली तो बाजूस ठेवून दुसऱ्याच विषयावर सुंदर भाषण करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले. म्हणून आज मी परमुलखात जाऊन विनामोबदला सेवा करणाऱ्या माणसांविषयी बोलणार आहे.

निवृत्तीनंतर मी माझ्या मूळ गावी, दापोली तालुक्यातील केळशीस, राहावयास गेलो. शाळेच्या सहलीत आपणांपैकी काहींनी ते गाव पाहिले आहे. भारजा नदी तेथे समुद्रास मिळते. खाडीच्या तोंडाशी वाळूची जुनी टेकडी आहे. गावात महालक्ष्मीचे देऊळ आहे आणि याकूबबाबांचा दर्गा आहे. खाडीपलीकडे मंडणगड तालुका लागतो. अशा किनाऱ्यावरच्या माणसास परदेश हा शब्द भय घालीत नाही. कोणी मुंबईच्या गिरणीत गेला, कोणी बोटीवर खलाशी झाला, आणि अलीकडच्या दोन पिढ्यांत तर रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक घरे आखाती देशांतील मिळकतीवर उभी राहिली. जाणारा कशासाठी गेला, हे कोणी कोणास विचारीत नाही. नवे कौल आणि विहिरीवरचा पंप पाहिला की उत्तर मिळते.

आमची मुलगी परिचारिका आहे. मुंबईच्या रुग्णालयात तिने नऊ वर्षे काढली. शिमग्याच्या सुटीत ती घरी आली आणि रात्री पडवीत बसून म्हणाली, ‘‘अण्णा, मी दोन वर्षांसाठी पूर्व आफ्रिकेत जाणार आहे. खेड्यातला बाळंतिणींचा दवाखाना आहे. पगार नाही, राहण्याजेवण्यापुरता भत्ता मिळेल.’’ तिची आई काही बोलली नाही. उठून आत गेली. मी मात्र बापाने बोलावे ते सारे बोललो. ‘‘केळशीत रात्री एखादी बाई अडली तर गाडी जुळवून दापोली गाठावी लागते, हे तुला ठाऊक नाही काय? आपल्या ओसरीवर अंधार आणि परक्याच्या वृंदावनात पणती कशाला?’’

तिने शांतपणे विचारले, ‘‘तुम्ही वर्गात सोलापूरच्या डॉक्टर कोटणिसांची गोष्ट सांगत होतात ना? ती काय दुसऱ्यांच्या मुलांसाठीच होती?’’

या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मी पेटीतून पुस्तके काढली. खरे सांगावयाचे तर तिला खोडून काढण्यास काही मिळते का, हे पाहण्याच्या हेतूनेच मी कोटणिसांचे चरित्र पुन्हा वाचावयास घेतले.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरास झाला. कुटुंब मध्यम स्थितीतील व मोठे. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते डॉक्टर झाले व पुढील परीक्षांची तयारी करीत होते. इकडे जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्व बळानिशी आक्रमण केले. चिनी सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंस पत्र लिहून वैद्यकीय साह्य मागितले. सन १९३८ मध्ये राष्ट्रसभेचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांच्या आवाहनावरून देशभर वर्गणी गोळा झाली. ती सुमारे २२,००० रुपये भरली. जो देश स्वतः पारतंत्र्यात होता, ज्याच्या खेड्यांत स्वतःस डॉक्टर नव्हता, त्या देशाने पाच डॉक्टर दुसऱ्याच्या युद्धात धाडले. माझा पणतीचा दाखला त्या वेळीही अनेकांनी दिला असेलच.

पाच जणांत पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल होते, ते स्पेनच्या यादवीतही सेवा करून आले होते. नागपूरचे वयस्क डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि आमचे सोलापूरकर कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने ही मंडळी मुंबईहून निघाली आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस कँटनला पोहोचली. बोली सुमारे एका वर्षाची होती.

चुंगकिंग येथे असताना, १९३९ च्या आरंभी, कोटणिसांस तार आली की वडील गेले. बंधूंनो, चरित्राच्या या पानावर मी बराच वेळ थांबलो. सहकाऱ्यांनी सांगितले, तुम्ही परत जा. कोणी दोष देणार नाही. घरी आई होती, भावंडे होती, आणि एका डॉक्टर मुलाची त्या घरास किती गरज असेल हे कोणाही मध्यमवर्गी माणसास सांगावयास नको. ते परतले नाहीत. दिलेला शब्द पुरा करून मगच येईन, असे त्यांनी ठरविले. माझ्या वर्गात मी हा प्रसंग मोठ्या आवेशाने सांगत असे. परवा वाचला तेव्हा मात्र मी त्या तारेच्या दुसऱ्या टोकास, सोलापूरच्या घरात, बसलो होतो.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनान येथे पोहोचले. तो प्रदेश पिवळ्या मऊ मातीच्या डोंगरांचा. लोक डोंगराच्या कुशीत गुहा कोरून राहत. रुग्णालयही तशाच गुहांत होते. पुढे लाकडी चौकट आणि जाळीवर कागद. उत्तर चीनमध्ये भाताचे राज्य नाही. तेथे राळे आणि ज्वारी पिकते. आमच्या कोकणी माणसाचे तेथे हाल झाले असते. सोलापूरच्या माणसास ज्वारीची ओळख तरी होती!

पण भाकरीपेक्षा अवघड गोष्ट होती भाषा. चिनी लोकांनी या पाहुण्यांस नवी नावे दिली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडले, आणि हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के दीहुआ’. नाव मिळाले म्हणून भाषा येत नाही, हे भाषेचा शिक्षक या नात्याने मी शपथेवर सांगू शकतो. चिनी भाषेत एकच अक्षर चार सुरांत उच्चारले तर चार अर्थ होतात. दुभाष्याच्या मार्फत शस्त्रक्रिया करता येते, परंतु जखमी माणसास ‘कोठे दुखते’ असे विचारून त्याचे उत्तर समजून घेणे दुभाष्याच्या मार्फत फार तोकडे पडते. कोटणीस चिकाटीने बसले. रोज थोडी अक्षरे, जो भेटेल त्याच्याशी बोलणे, चुकून हसे झाले तर स्वतःही हसणे. पुढे ते चिनी भाषेत व्याख्याने देऊ लागले आणि विद्यार्थ्यांसाठी त्या भाषेत शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहावयास बसले.

चोळकर व मुखर्जी १९३९ सालीच परतले. अटल यांना त्वचेच्या विकाराने १९४० मध्ये परतावे लागले. जे राहिले त्यांचे पुतळे होतात आणि जे परतले त्यांची नावे मागे पडतात. मला हे योग्य वाटत नाही. ज्यांनी वर्षाचा शब्द दिला आणि वर्ष पुरे केले, ते आपल्या कराराप्रमाणे वागले. त्यांच्याकडे कोणी वाकड्या दृष्टीने पाहू नये.

कोटणीस आणि बसू आघाडीकडे गेले. सन १९४० मध्ये ते होपेई प्रांताच्या डोंगराळ भागात पोहोचले. तेथे त्यांच्या आधी कॅनडाचे शस्त्रवैद्य नॉर्मन बेथून यांनी काम केले होते. प्रॉटेस्टंट पाळकाचा हा मुलगा. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, रक्तात विष भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्याच प्रदेशात त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांकडे आले. रुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इमारत उभी राहते. येथे इमारत नव्हती. तांग परगण्यातील खेड्यांत, शेतकऱ्यांच्या घरांत, रुग्ण ठेविलेले. शत्रूची मोहीम आली की खाटा, हत्यारे आणि रुग्ण उचलून दुसऱ्या दरीत जावयाचे. नाकेबंदीमुळे औषधे थोडी. पट्ट्या धुऊन, उकळून, वाळवून पुन्हा वापरावयाच्या. कित्येकदा अहोरात्र न झोपता शस्त्रक्रिया चालत. आणि हे सारे सांभाळून वर्ग! वर्गात बहुतेक खेड्यांतील, बेताची शाळा शिकलेली मुले. त्यांस शरीररचना, जखम धुणे, हाड बसविणे शिकवावयाचे.

याच ठिकाणी माझा वाद ढिला पडू लागला. मी मुलीस म्हणालो होतो की दोन वर्षांत एक माणूस कितीशा बायका सोडविणार? हिशेब म्हणून ते खरे आहे. कोटणिसांनीही किती जखमा शिवल्या असतील? शेकडो, युद्धात जखमी लाखो होते. परंतु त्यांनी शिकविलेली मुले त्यांच्यामागे जखमा शिवीत राहिली. परमुलखातील सेवकाचे काम तो असताना कसे चालते यावरून मी पूर्वी तोलीत असे. तो गेल्यावर काय चालू राहते, हे पाहावयास मी विसरलो होतो.

सन १९४१ च्या नोव्हेंबरात त्यांनी तेथील परिचर्या शिकविणाऱ्या क्वो चिंगलान या बाईंशी विवाह केला. पुढील ऑगस्टात मुलगा झाला. त्याचे नाव ठेविले ‘यिनहुआ’: यिन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन. या काळात कोटणिसांस अपस्माराचे झटके येत होते. विश्रांतीसाठी मागे जाण्याची सूचना त्यांनी मानली नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी पहाटे ते निवर्तले. वय अवघे ३२. पाठ्यपुस्तक अपुरे राहिले. पुत्र साडेतीन महिन्यांचा होता. त्यांची समाधी शिच्याच्वांग शहरी आहे. सोलापूरच्या त्यांच्या राहत्या घरी महानगरपालिकेने स्मारक केले आहे. व्ही. शांताराम यांचा १९४६ चा चित्रपट आपल्या वाडवडिलांनी पाहिला असेल. पुत्र यिनहुआ वैद्यकाचे शिक्षण पुरे होण्यापूर्वीच १९६७ मध्ये वारला. क्वोबाई मात्र दीर्घायुषी झाल्या. कोटणिसांच्या घरच्यांस भेटावयास त्या हिंदुस्थानात अनेकदा आल्या आणि २०१२ मध्ये वारल्या.

आता एक गोष्ट लपविणे या सभेत शोभणार नाही. कोटणीस ज्या सैन्याबरोबर राहिले ते साम्यवाद्यांचे, आणि १९४२ साली ते स्वतः त्या पक्षाचे सभासद झाले. आपणांपैकी पुष्कळांस हे रुचणार नाही, आणि न रुचण्यास कारणही आहे. त्याच होपेई प्रांतात, आन्क्वो येथे, फादर विन्सेंट लेब हे बेल्जियन मिशनरी राहत. ते १९०१ साली चीनमध्ये आले आणि १९२७ साली त्यांनी त्या देशाचे नागरिकत्व घेतले. चिनी ख्रिस्तसभेचा कारभार चिनी धर्माध्यक्षांच्या हाती द्यावा, असे ते वर्षानुवर्षे बोलत राहिले, आणि त्यापायी स्वकीयांचा रोष त्यांनी पत्करला. अखेर १९२६ मध्ये पोप अकरावे पायस यांनी रोम येथे सहा चिनी धर्माध्यक्षांस दीक्षा दिली. युद्ध पेटल्यावर याच फादर लेब यांनी आपल्या बंधुसंघास घेऊन रणांगणावरील जखमी उचलण्याची पथके उभारली. सन १९४० च्या वसंत ऋतूत साम्यवादी सैन्याने त्यांस पकडून काही आठवडे अटकेत ठेविले. सुटका झाली, परंतु प्रकृती ढासळली होती, आणि २४ जून १९४० रोजी चुंगकिंग येथे त्यांनी देह ठेविला. त्याच वर्षी कोटणीस त्या प्रांतात पोहोचत होते. दोघेही परदेशी, दोघेही त्याच जखमी शेतकरीपुत्रांच्या स्ट्रेचरशी वाकलेले, आणि एकाच्या यजमानांनी दुसऱ्यास कैदेत टाकिले. यातून सोपा निष्कर्ष मला काढता येत नाही, आणि काढावयाचाही नाही. परमुलखात सेवेस जाणारा माणूस तेथील भांडणांतही जातो, एवढे मात्र त्याने जाण्यापूर्वी ओळखले पाहिजे. मुलीस मी हे सांगितले. ती म्हणाली, ‘‘मुंबईच्या रुग्णालयातही भांडणे असतात.’’

आता आपल्याकडे पाहू. आपण केवळ पाठविणारे नाही, घेणारेही आहोत. फादर स्टीफन्स १५७९ साली इंग्लंडचे मूल असून गोव्यास उतरले, येथील बोली शिकले, आणि १६१६ साली त्यांचे पुराण छापून निघाले. त्यांच्या शेजाऱ्यांनी विलायतेत म्हटले असेल की विल्टशरमध्ये काय अज्ञानी थोडे होते? अलीकडचे उदाहरण नगर जिल्ह्याचे, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात. स्वित्झर्लंडहून १९४८ साली आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी त्या दुष्काळी मुलखात पाणलोटाच्या कामास आयुष्य वाहिले. उतारावर समतल चर खणावयाचे, बांध घालावयाचे, पावसाचे पाणी धावू द्यावयाचे नाही, त्यास चालावयास लावावयाचे. पण कामास हात घालण्यापूर्वी गावाने श्रमदान केले पाहिजे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली पाहिजे, अशी अट. फुकट काही नाही. परक्याने येऊन गावास स्वतःच्या डोंगराची राखण करावयास लाविले.

हल्ली या सेवेस मोठमोठ्या संस्था आहेत. इंग्लंडात १९५८ पासून, अमेरिकेत १९६१ पासून तरुणांस परदेशी धाडण्याची व्यवस्था झाली. संयुक्त राष्ट्रांचेही स्वयंसेवक आहेत. त्यांत काम करणारे आहेत, तसेच पंधरा दिवस जाऊन, भिंतीस रंग फासून, काळ्या पोरांस कडेवर घेऊन फोटो काढणारेही आहेत. या दुसऱ्या जातीविषयी मी बोलत नाही. त्यांनी खुशाल प्रवास करावा, फक्त त्यास सेवा म्हणू नये. ज्यास हातचा धंदा येत नाही, त्याचा परमुलखात भारच होतो. कोटणीस डॉक्टर होऊन गेले. बसू यांची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. ते १९४३ मध्ये परतले, पुढे पुन्हा चीनला गेले आणि सुयांनी उपचार करण्याची तेथील विद्या शिकून कलकत्त्यास घेऊन आले. द्यावयास गेलेला माणूस शिकून आला.

तर मग माझ्या पणतीचे काय? बंधुभगिनींनो, चार पुस्तके वाचूनही मला तिचे उत्तर मिळालेले नाही. केळशीहून दापोलीचे अंतर माझी मुलगी आफ्रिकेत गेल्याने कमी होणार नाही. कोटणिसांच्या कार्याने सोलापूरच्या त्या घरातील ऋण फिटले, असे मी आता वर्गात सांगणार नाही. ते फिटले नाही. आईने आणि भावंडांनी ते सोसले. जाणाऱ्याचे नाव होते आणि राहणाऱ्यांचा वाटा कोणी लिहून ठेवीत नाही. मात्र एवढे मला उमगले की ज्या माझ्या मुलीस मी ‘केळशीत राहा’ म्हणत होतो, तिला मीच बारावीनंतर केळशीबाहेर काढले, मुंबईस धाडले आणि नऊ वर्षे तिथल्या पगाराचा अभिमान गावभर सांगितला. तेव्हा मला दापोलीचे अंतर आठवले नाही. पैशासाठी गेली तेव्हा हरकत नव्हती. पैशाशिवाय निघाली तेव्हा मला गावाची कळकळ आली. हे तिच्या आईने मला एका वाक्यात सुनावले. ती त्या रात्री उठून आत गेली ती आमसुले निवडावयास गेली होती. त्यातली दोन शेर आता पुडीत बांधून तयार आहेत.

मुलगी पुढील महिन्यात निघते. सध्या ती घरीच असून पडवीत बसून स्वाहिली शिकते. परवा तिने मला एक काम दिले. म्हणाली, ‘‘अण्णा, बाई दवाखान्यात येते ती ‘दुखते’ एवढेच म्हणत नाही. मराठीत दुखण्याचे जेवढे शब्द असतील तेवढे मला काढून द्या. मग प्रत्येकास तिकडच्या बायका काय म्हणतात ते मी विचारून लिहीन.’’ आयुष्यभर मराठी शिकवूनही हा प्रश्न मला कधी कोणी घातला नव्हता. मी वही घेतली. कळ आणि वेणा हे तिच्या कामाचे पहिले शब्द. मग ठणका, जो जखमेत नाडीबरोबर उठतो. ठसठस, जी गळवात असते. चमक बरगडीत, उसण पाठीत, मुरडा पोटात, पेटका पोटरीत. चुरचुर डोळ्यांची, हुळहुळ सोललेल्या कातडीची, रग ओझे वाहिलेल्या खांद्याची. शेजारच्या कोळीणबाईंनी दोन शब्द दिले ते माझ्या कोशात नाहीत. आजपर्यंत सव्वीस झाले आहेत. आपल्या वाड्यांतील वडीलधाऱ्या बायकांस आणखी ठाऊक असतील. सभा आटोपल्यावर मी दाराशी बसतो. वही बरोबर आणिली आहे.